आजीच्या नाकाचा भाव

खेळाला किंमत असावी, हे कचेरीत एकमताने मंजूर झाले होते. मतभेद होता तो एवढाच, की ती कोणी द्यावी.

मोबाइलवरचे खेळ तयार करणारी ही कंपनी गाद्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. माणसे मोजकी. एक मालक, जो स्वतःला मालक म्हणवून घेत नसे, कारण मालक म्हटले की लोक पगार मागतात असा त्याचा अनुभव होता. काही संगणकवाले. आणि एक चित्रकार. या चित्रकाराचे खरे नाव पगारपत्रकावर असावे, पण सगळे त्याला चौकोने म्हणत, कारण तो फक्त चौकोन काढी. चौकोनाशेजारी चौकोन, त्याच्याशेजारी आणखी एक, जरा गडद. असे काही शे चौकोन झाले की त्यातून मांजर निघे, झाड निघे, पायरीवर बसलेला म्हातारा निघे. फार पूर्वी यंत्रांना याहून बारीक काही जमत नसे, म्हणून खेळांतली चित्रे अशी ठोकळेबाज असत. आता फोनच्या पडद्यावर माशीच्या मिशासुद्धा मोजता येतात, म्हणून लोकांना पुन्हा ठोकळे आवडू लागले होते. याला पिक्सेल आर्ट म्हणतात. लांबून पाहिले तर चित्र, जवळून पाहिले तर न्हाणीघराची फरशी.

चौकोनेने मान मोडेपर्यंत खपून एक खेळ चितारला होता. नाव 'दिवेवाली आजी'. गावात संध्याकाळ होते, एक आजी काठी टेकत निघते आणि गल्लीतला एकेक दिवा लावत जाते. दिवा लागला की खिडकी उघडते, खिडकीतले माणूस आजीशी दोन शब्द बोलते, आजी पुढे जाते. कोणी कोणाला मारत नाही, कोणी कोणाच्या मागे लागत नाही. आजीचा चेहरा चौकोनेने स्वतःच्या आईवरून घेतला होता. किंचित उजवीकडे वळलेले नाक, हनुवटीवरची खळी, आणि समोरच्याची थाप पकडल्यावर होतात तसे डोळे. हे सारे चौकोनांत आणणे म्हणजे विटांनी वीणकाम करण्यासारखे होते. ते त्याने केले.

खेळाची किंमत एका कप चहाइतकी ठेवण्यात आली. एकदा द्या आणि जन्मभर खेळा. पहिल्या महिन्यात तीन प्रती खपल्या. एक चौकोनेच्या बायकोने घेतली. दुसरी तिच्या दटावण्यावरून तिच्या बहिणीने घेतली. तिसऱ्या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी पैसे परत मागितले. नावावरून त्याला हा फोनचा टॉर्च वाटला होता, आणि 'उजेड पुरेसा पडत नाही' अशी त्याची लेखी तक्रार होती.

तेव्हा मालकाने सल्लागारबाईंना पाचारण केले. किंमत हा विषय बाईंनी कोळून प्यायलेला होता. याआधी त्या एका विमान कंपनीत होत्या. प्रवाशाचे तिकीट वेगळे आणि त्याच्या गुडघ्यांचे वेगळे, हा शोध त्यांचाच.

"किती ठेवलीय?" बाईंनी विचारले.

मालकाने किंमत सांगितली. रोग्याला फार उशिरा आणल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात, तसे बाईंनी सगळ्यांकडे पाहिले.

"फुकट करा."

"फुकट?" मालकाचा आवाज चिरकला. "मग आम्ही खायचं काय?"

"चहाचे पैसे द्यायचे म्हटलं की माणूस दहादा विचार करतो. फुकट म्हटलं की विचार बंद. आणि विचार बंद झालेला माणूस किती देईल, याला काही मर्यादा नाही."

खेळ फुकट झाला. मात्र आजीला दिवा लावायचा तर ठिणग्या लागू लागल्या, आणि ठिणग्या विकत मिळू लागल्या. एका पुड्यात ऐंशी ठिणग्या. एका दिव्याला नव्वद.

"हिशेबात चूक झालीय," चौकोनेने दाखवून दिले. "एका पुड्यात दिवा लागत नाही."

"मग दोन पुडे घेतील."

"म्हणजे सत्तर उरतील."

"उरू देत. त्या सत्तरच गिऱ्हाइकाला स्वस्थ बसू देत नाहीत. वाया कशा घालवायच्या, म्हणून तो तिसरा पुडा घेतो. माणूस पैसे सहज उडवतो हो. पण उरलेलं टाकवत नाही त्याला. चांगले संस्कार असतात."

महिनाभरात कंपनीच्या कचेरीत थंड पाण्याचे यंत्र आले. त्यापुढच्या बैठकीत बाईंनी आजीचे चित्र भिंतीवर मोठे करून दाखवले आणि त्यावर काठी ठेवली.

"ही आजी."

"काय झालंय तिला?" चौकोनेने विचारले.

"काही झालेलं नाही, तेच तर दुखणं आहे. नाक, डोळे, हनुवटी, सगळं दिसतंय. पहिल्याच पडद्यावर. आणि फुकट!"

"आजी आहे. दिसणारच."

"समजा, तुम्ही दुकानात गेलात आणि दुकानदाराने काही न विचारता सगळा माल तुमच्या पिशवीत ओतला. त्याला काय म्हणाल?"

"देवमाणूस."

"दिवाळखोर," बाई म्हणाल्या, आणि मालकाने मान डोलावली.

ठरले ते असे. मूळ आजी चार चौकोनांची. एक डोके, दोन अंगाचे आणि चौथी काठी. उरलेली आजी नशीबपेटीतून. ठिणग्या भरायच्या, पेटी उघडायची आणि आत आजीचा जो भाग निघेल तो आपला. चेहऱ्याचा एकेक कोपरा अशा रीतीने स्पष्ट होत जायचा. पेटीतून कोणताही भाग निघू शकत होता. व्यवहारात डावे कोपर निघे.

"आणि नाक?" चौकोनेने विचारले.

"नाकही निघेल."

"कधी?"

"निघेल ही आशा झाली, कधी हा हिशेब झाला. आशा आपण विकतो. हिशेब आपल्याजवळ ठेवतो."

चौकोनेने टेबलावर हात आपटून सांगितले की त्याला हे जमणार नाही. ही कला आहे, हा चेहरा आहे. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचीच शैली आहे ही," त्या म्हणाल्या. "थोड्या चौकोनांत जास्त दाखवायचं. आपण चौकोन आणखी थोडे करतोय. म्हणजे कला वाढतेच आहे."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितले की तो राजीनामा देणार. बायको दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसत असे, त्यामुळे दिवसभर विव्हळणारी माणसे पाहून तिचे मन घट्ट झालेले होते.

"आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय," ती म्हणाली. "त्यांनी त्यांचे पैसे बाजूला काढलेत, पण पुढचं औषधपाणी कोण करणार? आत्ता ही नाटकं नकोत. चौकोन पुसायचेत ना? पुस."

अशा रीतीने आईला नीट दिसावे म्हणून चौकोनेने आईचा चेहरा पुसला.

परिणाम अपेक्षेबाहेर होता. चार चौकोनांची आजी लोकांनी डोक्यावर घेतली. 'हा खेळ चेहराच नाकारतो, आणि त्या नकारात आपण सगळे दिसतो,' असे एका समीक्षकाने लिहिले. त्याच्या पेटीतून डावे कोपर निघाले होते. ओळख करून देताना माणसे व्यवसायाआधी 'माझ्याकडे हनुवटी आहे' असे सांगू लागली. एका बँकेतल्या कारकुनाकडे डावी कोपरेच कोपरे जमली, तेव्हा त्याने कोपरधारकांची संघटना काढली आणि तिचा तो अध्यक्ष झाला. संघटनेची मागणी कोपरे कमी करण्याची नव्हती. कोपराला मान मिळावा अशी होती.

चौकोनेला बढती मिळाली. त्याच्या टेबलावर 'मुख्य अस्पष्टता अधिकारी' अशी पाटी आली. काम सोपे होते. दर आठवड्याला गावातली एखादी गोष्ट धूसर करायची. आधी मांजर गेले, मग झाड, मग खिडक्यांतली माणसे. पायरीवरचा म्हातारा एका चौकोनाचा झाला, आणि लोक त्याच्या मिशांसाठी रांगेत उभे राहिले.

जे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त पैसे घालते त्याला या धंद्यात मोठा मासा म्हणतात. मोठ्या माशाला अधूनमधून गोंजारावे लागते. बाईंची पद्धत अशी, की कंपनीतल्या एखाद्या मानाच्या माणसाने त्याला फोन करायचा, आभार मानायचे आणि जाता जाता नव्या पुड्याची आठवण करून द्यायची. त्या महिन्यातला सगळ्यात मोठा मासा इतका मोठा होता, की बाईंनी खुद्द चित्रकाराला फोनवर बसवले. गिऱ्हाइकांची खरी नावे कंपनीत कोणाला दिसत नसत. जो तो आपले टोपणनाव घेई. या माशाचे टोपणनाव होते 'मीच ती'. नंबर यंत्रानेच लावला. चौकोनेने समोरचा मजकूर वाचायला सुरुवात केली.

"नमस्कार. 'मीच ती' बोलत आहेत का?"

"हो, बोला."

"आपण आमच्या परिवाराच्या अत्यंत लाडक्या सदस्य आहात. आपल्यासारख्या रसिकांमुळेच आमच्या कलेला—"

"एक मिनिट," पलीकडून आवाज आला. "तू डबा खाल्लास का?"

चौकोनेच्या हातातला कागद खाली पडला. बाई समोरून खुणेने 'पुड्याचं बोला, पुड्याचं' असे सांगत होत्या.

"आई?" तो म्हणाला.

"मग कोण? आवाज असा काय काढलायस, घशात काही अडकल्यासारखा? आणि ही कसली कंपनी, आईशी बोलायला कागद लागतो?"

तो तसाच उठून घरी गेला. आई खिडकीशी बसली होती. तिने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. नद्या-डोंगर तोंडपाठ असलेली ती बाई आता फोन नाकाला लावून वास घेतल्यासारखा पाहत होती.

"किती घालवलेस?" त्याने विचारले.

"घालवले नाहीत, लावले."

"कुठले?"

"डोळ्यांचे."

"सगळे?"

"आधी डाव्या डोळ्याचे लावले," आई म्हणाली. "मग म्हटलं, एकट्या उजव्याला ठेवून तरी काय करायचं?"

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. आई पुढे सांगू लागली.

"तू म्हणालास ना, त्या आजीला माझा चेहरा दिलायस म्हणून? वर्षभर झालं, आरशात माझी मला मी दिसत नाही. नुसता डाग दिसतो. म्हटलं, मुलाने काढलीय तशी तरी एकदा बघून घ्यावी. उघडलं तर तिथेही डागच. मला वाटलं, चित्र नीटच असणार, माझेच डोळे गेलेत. तर खाली लिहिलेलं, 'अधिक स्पष्ट पाहण्यासाठी येथे दाबा.' सबंध खेळात तेवढीच अक्षरं मला वाचता आली, इतकी मोठी होती. किती गुणाची कंपनी, म्हटलं. अधू डोळ्यांच्या म्हाताऱ्यांची सोय केलीय. दाबत गेले."

"मला का नाही विचारलंस?"

"तूच म्हणतोस, ऑफिसचं घरात नको."

चौकोनेने तिच्या हातातला फोन घेतला. पडद्यावर आजी होती. सगळी. खळी, हनुवटी, थाप पकडणारे डोळे, आणि मधोमध किंचित उजवीकडे वळलेले ते नाक. आख्ख्या जगात तेवढे एकच निघाले होते, आणि ते त्याच्या आईच्या पेटीतून निघाले होते.

"आई, हे पूर्ण झालंय. नाकसुद्धा आलंय."

"आलंय?" आईने फोन पुन्हा डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. "मग मला का दिसत नाही?"

दुसऱ्या दिवशी तो मालकासमोर उभा राहिला. मालक फार हळहळला. त्याला स्वतःलाही आई होती. परतावा जरूर मिळेल, असे त्याने आश्वासन दिले. फक्त तो ठिणग्यांत मिळेल. बाईंनी नियम पाहून सांगितले की कर्मचाऱ्याच्या नातेवाइकांना हा खेळ खेळायला मनाई आहे, तेव्हा कारवाई करायची तर ती खरे म्हणजे आईवर करावी लागेल. पण कंपनी माणुसकी सोडणार नाही.

चौकोने आपल्या जागेवर आला. शेजारचे लोक जेवायला गेले होते. त्याने जुनी आजी शोधून काढली, पहिल्या दिवसाची, सगळ्या चौकोनांसकट, आणि एक कळ दाबून ती सगळ्यांना फुकट देऊन टाकली. पेटी नाही, पुडा नाही. मांजर परत आणले, झाड परत आणले, म्हाताऱ्याला मिशा दिल्या. चहा संपायच्या आत हे लाखो फोनांवर पोचले. फार दिवसांनी त्याला बरे वाटले. लोक धन्यवादाचे फोन करतील, निदान दोन-चार तरी, अशी त्याची कल्पना होती.

लोक स्वतःच आले. गाद्यांच्या दुकानासमोर रस्ता अडला. हातात फलक होते. 'फुकट्यांना नाक नको!' 'आमची हनुवटी, आमच्या घामाची!' सर्वांत पुढे बँकेतला कारकून होता, कोपरधारकांचा अध्यक्ष. चौकोने खाली उतरला.

"अहो, पण तुम्हाला आता सगळी आजी मिळालीय," तो म्हणाला. "चेहरा पूर्ण आहे. बघा तरी."

"बघितला," कारकून म्हणाला. "आमच्या शिपायाकडेही तोच आहे."

"मग?"

"मग म्हणजे? सगळ्यांना मिळाला, तर मला काय मिळालं?"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चौकोनेच्या खिशातला फोन वाजला. आई होती, आणि वर्गात नकाशा उलटा टांगणाऱ्या पोरावर ओरडावे तशी ओरडत होती.

"गाढवा, काय करून ठेवलंस?"

"आई, मी चित्र सगळ्यांना—"

"कळलं मला! अरे, नाक निघालं की खेळच सगळ्यांना कळवतो. आज सकाळी तू गेल्यावर माझा सौदा ठरला होता. माझं खातं, नाकासकट, एक बँकवाला विकत घेणार होता. दोन्ही डोळ्यांचे निघून वर चष्म्याचे उरत होते. आत्ता त्याचा फोन. म्हणतो, नाक फुकट झालं, आता तुमचं नाक घेऊन काय चाटू? तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?"

चौकोनेने मान वर केली. समोर कारकून घोषणा देत होता. त्याचा आवाज बसला होता. खरा शोक होता तो.

चौकोने जिना चढून वर आला. मालक आपल्या टेबलाखाली बसला होता, आणि बाई खिडकीतून गर्दी मोजत होत्या.

"साहेब," चौकोने टेबलाखाली वाकून म्हणाला, "हात जोडतो. आजी पुन्हा पुसू द्या."

मालकाला आधी ऐकण्यात चूक झाली असे वाटले. मग तो बाहेर आला, त्याने कपडे झटकले आणि मान्यता दिली. चौकोनेने पुन्हा कळ दाबली. लाखो फोनांवर आजीचे नाक गेले, डोळे गेले, म्हाताऱ्याच्या मिशा गेल्या. फक्त एका फोनवरची आजी त्याने शाबूत ठेवली. खाली प्रचंड जल्लोष झाला. माणसे एकमेकांना मिठ्या मारून आपापला डाग दाखवू लागली. कोणीतरी चौकोनेला ओढून खाली नेले आणि खांद्यावर घेतले.

"मी या धंद्यात केस पांढरे केलेत," खिडकीतून बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "पण गिऱ्हाइकांनी मोर्चा काढून माल बिघडवून घेतला, हे आज पहिल्यांदा पाहिलं."

कारकुनाने त्याच संध्याकाळी नाक घेतले. भाव ठरला होता त्याहून जास्त दिला, कारण नाक जाते की काय या भीतीने त्याला त्याचे मोल कळले होते. कोपरधारक संघटनेचा त्याने तडकाफडकी राजीनामा दिला. नाकवाला माणूस कोपरवाल्यांत बसणार कसा?

आईला घेऊन चौकोने आणि त्याची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. टेबलामागच्या मुलीने हसून तीन पत्रके पसरली. साध्या भिंगात लांबचे दिसेल. चांगल्यात लांबचे आणि जवळचे. खासमध्ये लांबचे, जवळचे आणि मधलेसुद्धा.

"साध्यात मधलं काय होतं?" बायकोने विचारले.

"मधलं अंदाजाने," मुलगी म्हणाली.

चौकोने घाबरला. पण आई आता पहिल्यासारखी भोळी राहिली नव्हती.

"पहिल्या खरेदीवर दुप्पट मिळतं ना?" तिने विचारले. "दोन डोळे एकदम घेतले तर मधलं वर द्या. नाहीतर मी एकच घेते, आणि एक तुमच्याकडे उरवते. मग बसा त्याचा विचार करत."

मुलगी आत जाऊन विचारून आली. मधले मिळाले.

पट्टी निघाली त्या दिवशी आईने आधी सुनेकडे पाहिले आणि ती वाळलीय असे सांगितले. मग मुलाकडे पाहिले आणि त्याच्या सदऱ्याचे सुटलेले बटण लावले. मग म्हणाली, "आण ते चित्र."

चौकोनेने मूळ चित्र छापून आणले होते. आईने ते डोळ्यांसमोर धरले. बराच वेळ पाहिले. मग तिचा चेहरा उतरला.

"आपण फसलो रे," ती म्हणाली. "ऑपरेशन बिघडलं. अजून चौकोनच दिसतायत."

"आई, ते चौकोनच आहेत. मी तसंच काढलंय. ही शैली आहे."

"शैली?"

"हो."

"आणि मी इतके दिवस त्याला मोतीबिंदू समजत होते!"

बायकोला हसू आवरेना, ती तोंडाला पदर लावून व्हरांड्यात गेली. आईने चित्र पुन्हा उचलले. या वेळी हात लांब करून धरले आणि डोके मागे घेतले. खिडकीतून येणारा उजेड त्या कागदावर पडला होता.

"नाक मात्र बरोबर काढलंयस," ती म्हणाली. "माझ्या आईचंही असंच होतं."

चौकोनेने नोकरी सोडली. या वेळी बायकोने अडवले नाही. घरी बसून त्याने एकट्याने नवा खेळ तयार केला. त्यात एक भूगोलाची बाई आहे. ती होडीतून नदीच्या उगमापर्यंत जाते आणि वाटेत दिसेल त्याला नावे ठेवते, म्हणजे दोन्ही अर्थांनी. आत काही विकत घ्यायचे नाही, पेटी नाही, उरणारे काही नाही. एक ठरावीक किंमत, ती दारातच द्यायची, आणि आत सगळे दिसते.

त्याची हकिगत वर्तमानपत्रात आली. तिथून ती लोकांच्या फोनांवर फिरली. पुष्कळांनी ती डोळे पुसत पुढे पाठवली. प्रामाणिक कलावंत जगले पाहिजेत, समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे, असे लिहिणाऱ्यांची तर गणती नाही. खेळाच्या पानावर अभिप्रायांचा ढीग पडला, सगळे पाच तारे देणारे. 'अप्रतिम कल्पना. फुकट झाला की नक्की घेईन.' 'वाचून गहिवरलो. एक प्रत तशीच मिळेल का?' 'अशा माणसांची आज गरज आहे. किंमत मात्र जरा जास्त वाटते.'

चौकोने हे अभिप्राय आईला वाचून दाखवतो. आई प्रत्येकाला भूगोलात नापास करते. लिहिणाऱ्यांची नावे मात्र त्याने झाकून टाकली आहेत, एकेका नावावर चार-चार चौकोन ठेवून. तेव्हा तुम्ही काळजी करू नका.